अमेरिकेत ‘सिंगल-पेअर’ आरोग्यव्यवस्था लोकांना हवी आहे का? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील निवडणूक जवळ आली की आरोग्यविम्याविषयीचे प्रश्न आमच्याकडे वाढू लागतात. त्यांतील काही तिकडे नोकरीला गेलेल्या वाचकांचे असतात, काही त्यांच्या इकडे राहणाऱ्या आईवडिलांचे, आणि बरेचसे बातम्यांमधील परस्परविरोधी आकडे वाचून बुचकळ्यात पडलेल्यांचे. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. एकाच मुद्द्याचा खुलासा दोनदा करावा लागू नये म्हणून जेथे गरज आहे तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सिंगल-पेअर म्हणजे नेमके काय? सगळे दवाखाने सरकारी होणार, असाच त्याचा अर्थ ना?

तसा अर्थ नाही. उपचारांचे पैसे कोण चुकते करतो, एवढ्यापुरतीच ही संज्ञा आहे. या व्यवस्थेत सर्व रहिवाशांची वैद्यकीय बिले एकच सार्वजनिक निधी भागवतो. डॉक्टर आणि रुग्णालये मात्र खासगी राहू शकतात. कॅनडात प्रत्येक प्रांताचा असा निधी आहे आणि तेथील बहुतेक डॉक्टर स्वतंत्रपणे व्यवसाय करतात. तैवानने १९९५ मध्ये निरनिराळ्या विमायोजना एकत्र करून ही पद्धत स्वीकारली. ब्रिटनमध्ये रुग्णालयेही प्रामुख्याने सरकारी आहेत, त्यामुळे तो नमुना निराळा. आणि जर्मनीत सर्वांना विमा असला तरी तो अनेक विमानिधींमार्फत मिळतो, म्हणून तिला सिंगल-पेअर म्हणता येत नाही.

खुद्द अमेरिकेत यांपैकी दोन नमुने शेजारी शेजारी नांदतात. ६५ वर्षांवरील नागरिकांसाठीची मेडिकेअर ही मूळ रूपात सिंगल-पेअरच्या बरीच जवळ जाते, तर माजी सैनिकांची रुग्णालये सरकार स्वतः चालवते. सेनेटर बर्नी सँडर्स यांनी मांडलेल्या ‘मेडिकेअर फॉर ऑल’ विधेयकात मासिक हप्ता नाही, उपचारांच्या वेळी खिशातून द्यायची रक्कम जवळजवळ नाही, आणि सरकारी योजनेत मिळणाऱ्या सेवांसाठी वेगळा खासगी विमा विकण्यास बंदी आहे. ही शेवटची अट लक्षात ठेवावी, कारण पुढील प्रश्नांतील निम्मे वाद तिच्यापाशी येऊन थांबतात.

२. सध्या तेथील लोकांना विमा मिळतो कोठून?

सुमारे १५ कोटींहून अधिक लोकांना तो स्वतःच्या किंवा कुटुंबातील कोणाच्या तरी नोकरीतून मिळतो. वृद्धांना आणि काही अपंग व्यक्तींना मेडिकेअर, कमी उत्पन्न असलेल्यांना केंद्र आणि राज्ये मिळून चालवत असलेली मेडिकेड, आणि या कशातच न बसणाऱ्यांना २०१० च्या ओबामा-कायद्याखाली उभारलेल्या बाजारपेठांतून अनुदानित खासगी विमा मिळतो. २०२३ मध्ये सुमारे ८ टक्के लोकांकडे कोणताच विमा नव्हता.

नोकरी आणि विमा यांची ही सांगड कोणी विचारपूर्वक आखलेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, सरकारने पगारवाढीवर मर्यादा घातली. कामगार टिकवण्यासाठी कंपन्यांनी पगाराऐवजी विमा देण्यास सुरुवात केली, कारण तो त्या मर्यादेबाहेर होता. पुढे १९५४ च्या करसंहितेने विम्यावरील कंपनीच्या खर्चाला मिळणारी करमाफी पक्की केली आणि तात्पुरती सोय कायमची झाली.

जनमताच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, हा विमा खरोखर केवढ्याला पडतो हे बहुतेक नोकरदारांना दिसतच नाही. २०२४ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता आणि त्यांपैकी ६,२९६ डॉलर कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जात होते. उरलेले सुमारे १९ हजार डॉलर कंपनी भरते. अर्थतज्ज्ञ म्हणतात की हे पैसेही शेवटी कर्मचाऱ्याच्या न मिळालेल्या पगारवाढीतूनच येतात, पण पगाराच्या पावतीवर न मिळालेली पगारवाढ छापलेली नसते.

३. मग थोडक्यात सांगा: अमेरिकन लोकांना सिंगल-पेअर हवे आहे की नको?

सर्वांना विमा मिळावा हे बहुसंख्यांना हवे आहे. तो एकाच सरकारी योजनेतून मिळावा, यावर मात्र देश जवळजवळ दुभंगलेला आहे.

गॅलप ही जनमत चाचण्या घेणारी संस्था गेली अनेक वर्षे विचारत आली आहे की, सर्व अमेरिकनांना आरोग्यविमा मिळेल हे पाहण्याची जबाबदारी केंद्र सरकारची आहे का. २०२४ मध्ये ६२ टक्के लोकांनी होकार दिला. त्याच सर्वेक्षणात सरकारी व्यवस्था हवी की खासगी विम्यावर आधारलेली, असे विचारल्यावर ४६ टक्के सरकारीकडे आणि ४९ टक्के खासगीकडे झुकले. प्यू संशोधन केंद्राच्या २०२० च्या सर्वेक्षणात ६३ टक्क्यांनी सरकारची जबाबदारी मान्य केली, पण एकूण लोकांपैकी ३६ टक्केच एका राष्ट्रीय सरकारी योजनेच्या बाजूचे होते. आणखी २६ टक्क्यांना सरकारी आणि खासगी यांचे मिश्रण पुरेसे वाटत होते. दुसऱ्या टोकाला, सरकारने यात मुळीच पडू नये असे म्हणणारे केवळ ६ टक्के निघाले. विरोधकांच्या सभांमधील घोषणा ऐकून हा गट फार मोठा असेल असे वाटते, प्रत्यक्षात तो तसा नाही.

४. एकाच महिन्यातील एका बातमीत ५६ टक्के पाठिंबा आणि दुसरीत ३७ टक्के, असे कसे? कोणी तरी खोटे बोलत आहे का?

कोणीही खोटे बोलत नव्हते. दोन्ही आकडे एकाच सर्वेक्षणातले आहेत. केएफएफ या आरोग्यधोरणविषयक संस्थेने जानेवारी २०१९ मध्ये आधी सरळ प्रश्न विचारला. ‘मेडिकेअर फॉर ऑल’ला ५६ टक्क्यांनी पाठिंबा दिला. मग लोकांना एकेक माहिती देऊन पुन्हा विचारण्यात आले. या योजनेमुळे विमा हा प्रत्येकाचा हक्क ठरेल, असे सांगितल्यावर पाठिंबा ७१ टक्क्यांवर गेला. हप्ते बंद होतील आणि खिशातील खर्च घटेल, असे सांगितल्यावर ६७ टक्क्यांवर. खासगी विमा कंपन्या राहणार नाहीत, असे सांगताच तो ३७ टक्क्यांवर आला, आणि बहुतेकांना अधिक कर भरावा लागेल, असे सांगितल्यावरही तेवढाच राहिला. सध्याच्या मेडिकेअरला धोका पोहोचेल असे म्हटल्यावर ३२ टक्के, आणि काही तपासण्या व उपचार यांना उशीर होईल असे म्हटल्यावर २६ टक्के.

७१ पासून २६ पर्यंतची ही घसरण पाहून काही भाष्यकारांनी लोकांना अज्ञानी ठरवले. मला ते पटत नाही. उद्दिष्टाला मनापासून होकार आणि हातातले सोडायला नकार या दोन गोष्टी एका माणसात सुखाने राहू शकतात, आणि प्रश्नाचा रोख ज्या बाजूला असेल ती बाजू उत्तरात उमटते. एक गैरसमज मात्र खरोखर होता. नोकरीतून विमा असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक त्या काळात असे धरून चालले होते की, ‘मेडिकेअर फॉर ऑल’ आल्यावरही त्यांचा सध्याचा विमा चालू ठेवता येईल. विधेयक उघडपणे त्याच्या उलट सांगत होते (प्रश्न १ पाहावा).

५. व्यवस्थेवर लोक एवढे चिडलेले असतात, तर स्वतःच्या विम्याविषयी समाधानी कसे?

हा विरोधाभास आकड्यांत स्पष्ट दिसतो. गॅलपच्या २०२४ च्या सर्वेक्षणात देशातील आरोग्यसेवेचा दर्जा उत्तम किंवा चांगला आहे असे ४४ टक्केच म्हणाले. २००१ पासूनचा तो नीचांक होता. स्वतःला मिळणाऱ्या सेवेविषयी मात्र ७१ टक्क्यांचे मत चांगले होते.

याचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण असे की, कोणत्याही एका वर्षात बहुतेक लोक गंभीर आजारी नसतात आणि विम्याची परीक्षा होते ती आजारपणात. तशी वेळ आली की उपचारानंतर काही दिवसांनी विमा कंपनीकडून एक कागद येतो, ज्यावर ‘हे बिल नाही’ असे ठळक छापलेले असते. खाली रकाने असतात: रुग्णालयाने आकारलेली रक्कम, कंपनीने मान्य केलेली रक्कम, कंपनीने दिलेली, डिडक्टिबलमध्ये (विमा लागू होण्याआधी रुग्णाने स्वतः भरायच्या रकमेत) धरलेली, आणि अखेरच्या रकान्यात ‘तुमच्याकडून येणे’. पहिल्या दोन रकान्यांतील तफावत कित्येकदा एवढी असते की पहिला आकडा छापण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न पडावा. त्यानंतर खरे बिल येते, रुग्णालयाचे वेगळे, भूलतज्ज्ञाचे वेगळे, प्रयोगशाळेचे वेगळे. रुग्णालय नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्यांच्या यादीत, असूनही भूलतज्ज्ञ नेटवर्कबाहेरचा निघाला तर पूर्वी रुग्ण हबकून जाई. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने अशा अनपेक्षित बिलांपासून बऱ्याच अंशी संरक्षण दिले आहे. पूर्वमंजुरीची अट आणि दावा नाकारला जाण्याची टांगती तलवार मात्र तशीच आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये एका मोठ्या विमा कंपनीच्या प्रमुखाची न्यूयॉर्कमध्ये भररस्त्यात हत्या झाली, तेव्हा समाजमाध्यमांवर हळहळीपेक्षा नाकारलेल्या दाव्यांच्या कहाण्याच अधिक फिरल्या. ती प्रतिक्रिया अनेकांना अमानुष वाटली आणि ती तशी होतीही. पण विमा कंपन्यांविरुद्धचा राग म्हणजे सरकारी योजनेला दिलेले मत, असा हिशेब ज्यांनी त्या आठवड्यांत मांडला त्यांची घाई झाली. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कंपनीकडून काढून सरकारकडे द्यावा का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि सरकारवरील अविश्वासही तेथे कमी नाही.

६. सरकारी विम्याला तेथे ‘समाजवाद’ का म्हणतात?

ही ओळख प्रयत्नपूर्वक घडवली गेली. नोव्हेंबर १९४५ मध्ये अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर, ठेवला आणि सुरुवातीला लोकांचा कल अनुकूल होता. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने कॅलिफोर्नियातील व्हिटेकर आणि बॅक्स्टर या प्रचारतज्ज्ञ जोडप्याला नेमले. शीतयुद्ध तापत असताना ‘समाजवादी वैद्यक’ हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचवण्यात आला आणि प्रस्ताव बारगळला. १९६१ मध्ये याच संघटनेने रोनाल्ड रेगन यांच्या आवाजात एक ध्वनिमुद्रिका काढली. रेगन तेव्हा राजकारणात उतरलेले नव्हते, चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरील नट म्हणून परिचित होते. डॉक्टरांच्या पत्नींनी शेजारणींना कॉफीला बोलवायचे, ती मुद्रिका ऐकवायची आणि काँग्रेस सदस्यांना पत्रे लिहवून घ्यायची, अशी ती मोहीम होती.

तरीही ३० जुलै १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी मिसुरीतील इंडिपेन्डन्स येथे, ट्रूमन यांच्या गावी जाऊन, मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली आणि पहिले कार्ड वृद्ध ट्रूमन यांना दिले. ज्या योजनेने स्वातंत्र्य बुडेल असे सांगितले गेले होते, ती काही वर्षांतच अशी लोकप्रिय झाली की आज कोणताही पक्ष तिच्याविरुद्ध उघड बोलत नाही. ‘समाजवाद’ या शब्दाची धार तरुण पिढीसाठी बोथट झाली आहे, रिपब्लिकन मतदारांसाठी तेवढी नाही.

७. ‘सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावू नये’ असे खरेच कोणी म्हटले होते का? आणि सरकारी विमा असलेले वृद्धच त्याच्या विस्ताराला विरोध का करतात?

होय, २००९ च्या उन्हाळ्यात साउथ कॅरोलायनातील सिम्प्सनव्हिल येथे, काँग्रेस सदस्य बॉब इंग्लिस यांच्या सभेत एका गृहस्थाने तसे म्हटले होते. मेडिकेअर ही सरकारीच योजना आहे, हे इंग्लिस यांनी समजावून सांगण्याचा प्रयत्न केला, तो फसला. हा किस्सा नेहमी चेष्टेने सांगितला जातो. पण त्या गृहस्थाच्या बोलण्यामागील भावना पाहिली तर ती तर्काला अगदीच सोडून नाही. नोकरीच्या सगळ्या वर्षांत पगारातून मेडिकेअरचा कर कापला गेलेला असतो, त्यामुळे वृद्ध मतदार तिला सरकारी मदत न मानता आपली कष्टाची कमाई मानतो, आणि त्याच निधीवर इतर कोट्यवधी लोक आले तर आपल्या वाट्याचे घटेल अशी त्याला भीती वाटते. प्रश्न ४ मधील ३२ टक्क्यांचा आकडा याच भीतीचा आहे.

वृद्धांच्या या जागरूकतेचा फटका खुद्द मेडिकेअरलाही बसलेला आहे. १९८८ मध्ये काँग्रेसने मोठ्या आजारपणाच्या खर्चाला संरक्षण देणारी वाढीव तरतूद केली आणि तिचा भार तुलनेने सुस्थितीतील वृद्धांवर अतिरिक्त आकारणीच्या रूपाने टाकला. ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोत या कायद्याचे एक प्रमुख शिल्पकार डॅन रोस्टेन्कोव्स्की एका सभेहून निघाले असता संतप्त वृद्धांनी त्यांची मोटार अडवली. एक आजीबाई तर सरळ बॉनेटवर चढल्या. रोस्टेन्कोव्स्की गाडीतून उतरून पायी पळाले. त्याच वर्षी काँग्रेसने तो कायदा मोठ्या बहुमताने मागे घेतला. वॉशिंग्टनमध्ये ही आठवण अजून जिवंत आहे.

आणखी एक गुंतागुंत लक्षात घ्यावी. आज मेडिकेअरच्या पात्र लाभार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक ‘मेडिकेअर ॲडव्हान्टेज’मध्ये आहेत, म्हणजे सरकारच्या पैशांवर खासगी कंपन्यांनी चालवलेल्या योजनांत. सर्वांना मेडिकेअर द्या, असे म्हणताना कोणती मेडिकेअर, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

८. कर वाढला तरी हप्ता जाईल, म्हणजे एकूण फायदाच. हा साधा हिशेब लोकांना का पटत नाही?

हिशेब दिसतो तेवढा साधा नाही. २०१८ मध्ये चार्ल्स ब्लाहाउस या अभ्यासकाने सँडर्स यांच्या योजनेमुळे केंद्र सरकारचा खर्च दहा वर्षांत ३२.६ लाख कोटी डॉलरने वाढेल, असा अंदाज मांडला. विरोधकांनी तो आकडा उचलला. समर्थकांनी त्याच अहवालातील दुसरे कोष्टक दाखवले, ज्यानुसार सर्व घटकांचा मिळून होणारा राष्ट्रीय आरोग्यखर्च किंचित घटत होता. लेखकाने त्यावर उत्तर दिले की डॉक्टरांना आणि रुग्णालयांना मेडिकेअरचे कमी दर स्वीकारावे लागतील, असे विधेयकातील गृहीतक धरले तरच ते खरे. एकाच कागदावरून दोन्ही बाजूंनी विजय जाहीर केला.

सामान्य मतदाराला मात्र ही सरासरी नको असते, स्वतःच्या घरचा आकडा हवा असतो. कर उद्या नक्की कापला जाणार. कंपनीचे वाचलेले हप्त्याचे पैसे पगारात मिळतील की कंपनीच ठेवून घेईल, याची हमी कोण देणार? शिवाय कंपनीचा वाटा त्याला पूर्वीही दिसत नव्हता (प्रश्न २). २०१९ मध्ये डेमोक्रॅट पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभ्या असलेल्या एलिझाबेथ वॉरन यांनी मध्यमवर्गावर कर न वाढवता योजना कशी राबवता येईल, याचा सविस्तर आराखडा प्रसिद्ध केला. एवढा तपशील देऊनही त्यांचा पाठिंबा त्यानंतर ओसरला. अशा बाबतीत तपशील देणाऱ्यालाच राजकीय किंमत मोजावी लागते, हे पाहून बाकीचे उमेदवार सावध झाले.

९. एखाद्या राज्याने स्वतः करून पाहिले आहे का? तेथील लोकांनी काय कौल दिला?

प्रयत्न अनेक झाले, आणि चाचण्यांतील टक्केवारीपेक्षा हा अनुभव अधिक बोलका आहे. कॅलिफोर्नियात १९९४ मध्ये सिंगल-पेअरचा प्रस्ताव थेट मतदानाला आला आणि जेमतेम २७ टक्के मते मिळवून पडला. ओरेगॉनमध्ये २००२ मध्ये आणि कोलोरॅडोत २०१६ मध्ये अशाच प्रस्तावांना सुमारे २१ टक्के मते पडली.

व्हरमॉन्टची कथा वेगळी, कारण तेथे अडचण विरोधकांनी आणली नाही. गव्हर्नर पीटर शुमलिन हे सिंगल-पेअरचे आश्वासन देऊन निवडून आले होते, विधिमंडळाने २०११ मध्ये कायदाही केला होता. पैसे कोठून आणायचे हा भाग नंतरसाठी ठेवला होता. डिसेंबर २०१४ मध्ये आकडेमोड पूर्ण झाली: मालकांवर पगाराच्या ११.५ टक्के कर, आणि कुटुंबांवर उत्पन्नानुसार ९.५ टक्क्यांपर्यंत आकारणी. शुमलिन यांनी स्वतःच योजना गुंडाळली. महिनाभर आधी ते अत्यंत निसटत्या फरकाने पुन्हा निवडून आले होते, हेही विसरता येत नाही.

कोलोरॅडोत एक अनपेक्षित वळण आले. तेथील राज्यघटनेत १९८४ पासून गर्भपातासाठी सार्वजनिक पैसा वापरण्यास बंदी होती. सर्वांचा विमा सरकारी झाला असता तर ज्या स्त्रियांच्या खासगी विम्यात गर्भपाताचा खर्च येत होता, त्यांनाही तो मिळाला नसता. म्हणून गर्भपाताच्या हक्कासाठी लढणारी एक प्रमुख संघटना, जी एरवी याच गोटातली मानली जाते, प्रस्तावाच्या विरोधात उभी राहिली.

याउलट मेडिकेडचा विस्तार मतदानाला आला की तो बहुधा मंजूर होतो, आणि तोही रिपब्लिकन राज्यांत: २०१८ मध्ये आयडाहो, नेब्रास्का व युटा, २०२० मध्ये ओक्लाहोमा व मिसुरी, २०२२ मध्ये साउथ डकोटा. त्या विस्तारात कोणाचाही असलेला विमा जात नाही. आणि ज्या ओरेगॉनने २००२ मध्ये सिंगल-पेअर धुडकावले, त्याच राज्याने २०२२ मध्ये परवडणारी आरोग्यसेवा हा मूलभूत हक्क म्हणून राज्यघटनेत घालण्यास अगदी थोड्या मतांनी का होईना, पण संमती दिली. त्या प्रस्तावात कराचा उल्लेख नव्हता.

१०. कामगार संघटना तरी ठामपणे पाठीशी असतील ना?

सगळ्या नाहीत. परिचारिकांची राष्ट्रीय संघटना या मागणीची सर्वांत खंदी पुरस्कर्ती आहे. पण लास व्हेगासमधील हॉटेल आणि कॅसिनो कामगारांच्या ‘कलिनरी युनियन’ने २०२० मध्ये सँडर्स यांच्या योजनेवर उघड टीका केली. दीर्घ संप करून आणि पगारवाढीवर पाणी सोडून मिळवलेला, स्वतःचे दवाखाने असलेला विमा त्यांना सोडायचा नव्हता. गंमत अशी की, त्यानंतर झालेली नेवाडाची पक्षांतर्गत निवडणूक सँडर्स यांनी सहज जिंकली आणि त्यांना मते देणाऱ्यांत याच संघटनेचे अनेक सभासद होते. स्वतःचा विमा चांगला असला तरी भावाकडे, मुलीकडे तो नाही, हे सभासदांना ठाऊक असते.

११. डॉक्टरांचे मत काय आहे?

बदलते आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या २०१९ च्या अधिवेशनात सिंगल-पेअरला असलेला जुना विरोध सोडून द्यावा, असा ठराव आला आणि तो ४७ विरुद्ध ५३ टक्के अशा थोड्या फरकाने फेटाळला गेला. प्रश्न ६ मधील इतिहास पाहता ही फार मोठी हालचाल होती. जानेवारी २०२० मध्ये ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संघटनेने सिंगल-पेअर किंवा सार्वजनिक पर्याय (प्रश्न १२ पाहावा) या दोन्ही वाटांना पाठिंबा जाहीर केला. मेडिकेअरचे दर खासगी विम्यापेक्षा कमी असल्याने जास्त शुल्क घेणाऱ्या शाखांतील तज्ज्ञ आणि रुग्णालयांच्या संघटना यांचा विरोध टिकून आहे. दुसरीकडे, पूर्वमंजुरीसाठी फोनवर तासन्‌तास घालवणाऱ्या कौटुंबिक डॉक्टरांत ओढा अधिक दिसतो.

१२. ‘पब्लिक ऑप्शन’ आणि सिंगल-पेअर एकच का?

एकच नाहीत. पब्लिक ऑप्शन म्हणजे खासगी विम्याच्या बरोबरीने सरकारी विमाही विकत घेण्याची मुभा. त्यात कोणाचे काही काढून घेतले जात नाही, म्हणून चाचण्यांत त्याला सिंगल-पेअरपेक्षा सातत्याने अधिक पाठिंबा मिळतो आणि काही रिपब्लिकन मतदारही त्याला अनुकूल असतात. तरी तो केंद्रीय कायद्यात आलेला नाही. ओबामा-कायद्याच्या मसुद्यातील ही तरतूद २००९ च्या अखेरीस सेनेटर जो लिबरमन यांच्या विरोधामुळे गळाली, कारण त्या वेळी एकेका मताची गरज होती. वॉशिंग्टन राज्याने २०२१ पासून त्याची एक मर्यादित आवृत्ती सुरू केली.

१३. पक्ष, वय आणि वंश यांनुसार मत किती बदलते?

पक्षाने सर्वांत जास्त. डेमोक्रॅट मतदारांत मोठे बहुमत सिंगल-पेअरला अनुकूल असते, रिपब्लिकनांत थोडेच लोक, आणि अपक्ष प्रश्नाच्या शब्दांनुसार इकडेतिकडे होतात. तरुण, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक अमेरिकनांत पाठिंबा सरासरीपेक्षा अधिक आहे.

सत्तेवर कोण आहे यानेही फरक पडतो, आणि तो बहुधा उलट्या दिशेने. गॅलपच्या प्रश्न ३ मधील सरकारी जबाबदारीच्या प्रश्नाला बुश यांच्या काळात, २००६ मध्ये, ६९ टक्के होकार होता. ओबामांनी खरोखरच कायदा केल्यावर २०१३ मध्ये तो ४२ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी, ‘तुम्हाला तुमचा विमा आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील’ असे आश्वासन मिळालेल्या लाखो लोकांच्या हातात त्यांची जुनी पॉलिसी रद्द झाल्याची पत्रे पडली. रिपब्लिकनांनी २०१७ मध्ये तो कायदा रद्द करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तोच कायदा लोकांना प्रिय वाटू लागला. दोन्ही वेळा लोक हातातले वाचवत होते.

१४. आपली आयुष्मान भारत योजना म्हणजे सिंगल-पेअरच नव्हे का?

नव्हे. २०१८ मध्ये सुरू झालेली ही योजना मुख्यतः गरीब कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देते. अमेरिकेतील मेडिकेडशी तिची तुलना अधिक जुळते. महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही ठरावीक उपचारांपुरती आहे. या योजनांच्या शेजारी खासगी विमा आणि रोख पैसे भरून घेतलेले उपचार पूर्ववत चालू आहेत.

१५. आम्ही एच-१बी व्हिसावर आहोत, आईवडील ग्रीन कार्डवर येणार आहेत. सिंगल-पेअर आले तर आम्हाला लागू होईल का, आणि यावर तेथील लोकांचे मत काय?

सँडर्स यांच्या विधेयकात ‘अमेरिकेचा रहिवासी’ असा व्यापक शब्द आहे आणि रहिवासी कोणाला म्हणायचे हे ठरवण्याचे काम आरोग्यमंत्र्यांकडे सोपवले आहे. केवळ उपचारांसाठी देशात येणाऱ्यांना रोखण्याची तरतूदही त्यात आहे. त्यामुळे व्हिसावरील नोकरदार आत येतात की नाही, हे नियम बनतील तेव्हाच ठरेल. जनमत या मुद्द्यावर अधिक कडक आहे. जून २०१९ मध्ये मायामीतील वादचर्चेत दुसऱ्या रात्रीच्या दहाही डेमोक्रॅट उमेदवारांनी बेकायदा स्थलांतरितांनाही आपल्या योजनेत विमा देण्याच्या बाजूने हात वर केले, आणि त्यानंतरच्या चाचण्यांत बहुसंख्य लोक त्या विरोधात असल्याचे दिसले. कायदेशीर स्थलांतरितांविषयी मत सौम्य असले तरी चर्चेच्या गोंधळात हा भेद अनेकदा पुसला जातो.

आजच्या नियमांनुसार एच-१बीवरील कर्मचाऱ्याच्या पगारातून मेडिकेअरचा १.४५ टक्के कर कापला जातो, पण नोकरी गेली की कंपनीचा विमाही जातो. ‘कोब्रा’ कायद्याखाली तो काही काळ चालू ठेवता येतो, मात्र पूर्ण हप्ता स्वतः भरावा लागतो. अमेरिकेत कधीही काम न केलेल्या, ग्रीन कार्डवर आलेल्या ६५ वर्षांवरील आईवडिलांना सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्यानंतर हप्ता भरून मेडिकेअर घेता येते. तोपर्यंत त्यांच्यासाठी राज्याच्या विमा बाजारपेठेतील योजना पाहावी. पर्यटक म्हणून येणाऱ्यांसाठी विकला जाणारा प्रवासविमा तेथे कायमच्या राहणाऱ्याला पुरत नाही, कारण जुन्या आजारांचा खर्च त्यातून सहसा वगळलेला असतो.